आवाज कुणाचा? बोलपटातला ध्वनी आणि त्यामागची माणसं



पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्यात भरत नाट्य मंदिरापाशी गेलात, तर एक आरोळी हमखास कानावर येते. एक मुलगा ओरडतो, ‘आवाज कुणाचा?’ आणि बाकीची सगळी पोरं एका दमात आपल्या कॉलेजचं नाव घेतात. त्या पोरांना उत्तर आधीच माहीत असतं, म्हणून प्रश्न सोपा. आज मला हाच प्रश्न चित्रपटाला विचारायचा आहे. तिथे तो सोपा नाही, आणि गेल्या काही वर्षांत तर तो फारच अवघड झाला आहे.

एक साधा प्रसंग घेऊ. पडद्यावर एक बाई पाण्याची घागर घेऊन येते, वाड्याच्या ओसरीवर ठेवते आणि दोन वाक्यं बोलते. अर्ध्या मिनिटाचं काम. बाई एकच. पण आपल्याला जे ऐकू येतं ते किती जणांचं असतं बघा. वाक्यं तिने चित्रीकरणाच्या वेळी बोललेली असतील, किंवा नंतर डबिंगच्या खोलीत पडद्याकडे बघत पुन्हा बोललेली असतील. कदाचित ती दुसऱ्याच बाईने बोललेली असतील. पावलांचा आवाज फोली आर्टिस्टचा, म्हणजे स्टुडिओत जमिनीच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर चालून पडद्यावरच्या पावलांशी पाऊल जुळवणाऱ्या माणसाचा. बांगड्याही त्याच्याच हातातल्या. या कलेला नाव मिळालं ते हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्यावरून. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वापरायची युक्ती तर त्याहून जुनी, नाटकवाल्यांची. मागे कावळा ओरडतो तो बहुधा आणखी कुठल्या तरी दिवशीचा. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे, तिथली शांतताही ध्वनिमुद्रित केलेली असते. चित्रीकरण संपलं की ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प उभं करतो आणि त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करून घेतो. तिला ‘रूम टोन’ म्हणतात. कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि दोन वाक्यांच्या मधे दुसऱ्या खोलीची शांतता आली तर कान लगेच अडखळतो.

हे सगळे पट्टे, म्हणजे संवाद, फोली, भोवतालचे आवाज आणि संगीत, शेवटी मिक्सिंगमध्ये एकत्र येतात. मिक्सिंग करणारा ठरवतो की कावळा किती मोठ्याने ओरडेल आणि बाईचा श्वास ऐकू येईल की नाही.

आता यावर पटकन मनात येतं की म्हणजे सगळं खोटंच की! मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे ‘खोटं’ या शब्दापाशी मी जरा थांबतो. आपल्याकडे नैयायिकांनी चार प्रमाणं मानली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं शब्दप्रमाण म्हणजे विश्वासार्ह माणसाचं बोलणं. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, अशा माणसाचा शब्द. त्याला ते ‘आप्त’ म्हणतात. म्हणजे शब्दावर विश्वास ठेवायचा तर त्यामागे एक माणूस हवा, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. चित्रपटाच्या यंत्रानं नेमकी हीच गाठ सोडवली. बोलणारा आणि बोलणं वेगळं केलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की ध्वनी रचलेला असतो यात खोटेपणा नाही. खोटेपणा सुरू होतो तो त्यामागचा माणूस लपवला जातो तिथे. हे मी इतिहासातून दाखवायचा प्रयत्न करतो.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. आपण त्याला मूकपट म्हणतो. पण मूकपटाचं थिएटर मुकं कधीच नव्हतं. पडद्याखाली पेटी-तबला वाजवणारे बसत. पडद्यावर युद्ध सुरू झालं की तबला तापायचा. त्या काळात ‘आवाज कुणाचा?’ असं विचारलं असतं तर प्रेक्षकानं खाली बसलेल्या पेटीवाल्याकडे बोट दाखवलं असतं. माणूस समोर होता.

मग अमेरिकेत ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला, आणि चारच वर्षांत ती लाट मुंबईला पोचली. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक थिएटरमध्ये अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ लागला. भारताचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. पहिला बोलता चित्रपट आपल्यासाठी कायमचा मुका झाला, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

पण तो कसा बनला, हे इराणींनी सांगून ठेवलं आहे. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट, आणि स्टुडिओला आवाज अडवणाऱ्या भिंती नाहीत. मग चित्रीकरण बरंचसं रात्री, गाड्या थांबल्यावर, पहाटेपर्यंत चालायचं. मायक्रोफोन दिसू नयेत म्हणून नटांच्या आसपास लपवून ठेवायचे. यंत्र होतं टॅनार पद्धतीचं. त्यात चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटत. ही तांत्रिक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चित्र आणि ध्वनी एकाच पट्टीवर असल्यामुळे ते वेगळे करायची सोय जवळजवळ नव्हती. ज्याचा चेहरा, त्याचाच गळा. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक बदल झाला. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे वेग कमीजास्त झाला तरी चालून जायचं. माणसं थोडी तुरुतुरु चालली, एवढंच. पण आवाजाचा वेग बदलला की सूरच बदलतो. म्हणून बोलपटाला सेकंदाला २४ चौकटी असा पक्का वेग ठरला. डोळा वेगातली चूक माफ करतो, कान करत नाही. चित्रपटाला घड्याळ लावलं ते ध्वनीनं.

या बदलाची किंमत माणसांनी मोजली. थिएटरमधले वाजवणारे बेकार झाले. नटांचंही तसंच. ‘आलम आरा’चा नायक मास्टर विठ्ठल, मूकपटातला आपला मराठी मर्दानी गडी. त्याचं उर्दू कच्चं, म्हणून त्याला फारसं बोलायला लावलंच नाही असं सांगतात. इंपीरियलचीच मोठी तारका सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स. तिला हिंदुस्तानी शिकण्यासाठी काही काळ पडद्यापासून दूर राहावं लागलं. चेहऱ्यानं मिळवलेलं राज्य गळ्यामुळे धोक्यात आलं.

आता कोल्हापूरला येऊ. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये तिथे प्रभात फिल्म कंपनी काढली. फेब्रुवारी १९३२ मध्ये त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ आला. विषय पुन्हा हरिश्चंद्राचाच, पण आता बोलता, आणि मराठी-हिंदी दोन्ही भाषांत वेगवेगळा चित्रित केलेला. दोनदा का? कारण तेच. आवाज चेहऱ्याला बांधलेला होता. भाषा बदलायची तर नटालाच पुन्हा उभं करावं लागे. नायक गोविंदराव टेंबे, म्हणजे पेटीवरचे अधिकारी पुरुष, आणि तारामती दुर्गा खोटे. प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची बाजू दामलेमामांनी सांभाळली. त्यांचं नाव आपण ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक म्हणून घेतो, आणि ते बरोबरच आहे. पण यंत्रापाशी बसून आवाज पकडणारा माणूस ही त्यांची ओळख आपण विसरतो.

कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि १९३७ मध्ये शांतारामांनी ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर. तरुण नीराचं लग्न फसवून एका वयस्क वकिलाशी लावलं जातं आणि ती ते लग्न मनोमन नाकारते, ही ती कथा. शांता आपटे आणि केशवराव दाते. या चित्रपटात शांतारामांनी एक धाडस केलं. पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. भिंतीवरचं घड्याळ आणि त्याचा लंबक तर त्या घरातलं जणू एक पात्रच आहे. उतारवयाच्या नवऱ्याच्या कानावर पडणारी ती टिकटिक त्याच्या सरत्या आयुष्याची आहे, हे कुणी बोलून दाखवावं लागत नाही. बोलपट येऊन सहाच वर्षं झाली होती, आणि न वाजवणं हाही ध्वनीचा एक निर्णय असतो हे आपल्या माणसानं ओळखलं होतं.

पण तोवर कलकत्त्यात ती गाठ सुटली होती. न्यू थिएटर्सनं १९३५ मध्ये नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली बंगालीत ‘भाग्यचक्र’ आणि हिंदीत ‘धूप छाँव’ काढला. संगीत रायचंद बोराल यांचं, ध्वनिमुद्रक नितीन बोस यांचे भाऊ मुकुल बोस. गाणं आधी मुद्रित करायचं, चित्रीकरणाच्या वेळी लाउडस्पीकरवर वाजवायचं आणि त्यावर ओठ हलवायचे, ही पद्धत इथून रुळली. ध्वनी आता वेगळ्या फिल्मवर मुद्रित होत होता, म्हणून हे शक्य झालं. झाडामागे लपलेल्या तबलजीची सुटका झाली. नटाला गाता येण्याची गरज उरली नाही आणि गायकाला दिसण्याची.

इथे शब्दांकडे बघा. इंग्रजीतला ‘प्लेबॅक’ हा शब्द यंत्राचं काम सांगतो, मुद्रित केलेलं पुन्हा वाजवणं. आपण मराठीत ‘पार्श्वगायन’ म्हटलं. पार्श्व म्हणजे बाजूला, मागे. आपण गाणाऱ्या माणसाची जागाच सांगितली. आणि ती माणसं बराच काळ मागेच राहिली.

१९४९ मध्ये ‘महल’ आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातल्या एका गाण्यात आवाज दुरून जवळ येत जातो. त्यासाठी लताबाई मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात पावलापावलानं मायक्रोफोनकडे आल्या. त्यांनी स्वतः मुलाखतींत हे सांगितलं आहे. म्हणजे नुसता गळा नाही, तर त्या खोलीतलं अंतरही त्यांनी गाऊन दाखवलं. आणि रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं? ‘कामिनी’. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव! गाणं रेडिओवर वाजायला लागलं, आणि ही गाते कोण अशी पत्रं लोक पाठवायला लागले. ‘आवाज कुणाचा?’ हा प्रश्न सामान्य श्रोत्यांनी पोस्टानं विचारला आणि त्याचं उत्तर द्यावं लागलं. पुढे ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा त्या समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला. गायकासाठी पुरस्कारच नाही, मग गायकानं का गावं, असा त्यांचा सवाल होता. पार्श्वगायनाचा पुरस्कार १९५९ पासून सुरू झाला.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, की नाव कळलं की जादू जाते ना? मधुबाला गाते असं वाटण्यातच मजा आहे. याचं उत्तर आपल्या संगीत रंगभूमीनं आधीच देऊन ठेवलंय. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर आले की प्रेक्षक त्या स्त्रीच्या दुःखानं विरघळायचा. आणि हे नारायणराव राजहंस आहेत हे पहिल्या रांगेपासून पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना माहीत असायचं. त्यांच्या नावावर तर तिकिटं खपायची. जादू अज्ञानावर चालत नाही. सोंग आणि फसवणूक यांत फरक असतो. सोंगात दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, फसवणुकीत एकाच बाजूला.

पुढचा टप्पा डबिंगचा. १९६०नंतर रंगीत चित्रपट काश्मीर-उटीच्या डोंगरांत गेले. बाहेर न्यायला हलके कॅमेरे सोयीचे, पण ते शिवणयंत्रासारखे खडखडायचे. मग जागेवरचा आवाज फक्त मार्गदर्शनापुरता घ्यायचा आणि संवाद नंतर स्टुडिओत म्हणायचे, ही रीत पडली. फिल्मच्या तुकड्याची दोन्ही टोकं जोडून त्याचं कडं करायचं. तोच प्रसंग पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरतो आणि नट ओठांना ओठ जुळवत बोलत राहतो. यातून सोय झाली, उच्चार सुधारता आले, एक चित्रपट अनेक भाषांत नेता आला. पण डोंगरावर धाप लागून बोललेलं वाक्य आणि वातानुकूलित खोलीत स्टुलावर बसून बोललेलं वाक्य एक नसतं. शिवाय इथेही माणसं पडद्याआड गेली. श्रीदेवीच्या सुरुवातीच्या बऱ्याच हिंदी चित्रपटांत संवाद दुसऱ्यांच्या आवाजात आहेत. ‘आखरी रास्ता’मध्ये तो आवाज रेखाचा आहे. अशा आवाज देणाऱ्यांपैकी रेखासारखं एखादं नाव आपल्याला कळतं. बाकीच्यांचं काय?

हे चक्र काही प्रमाणात उलटं फिरलं ते ‘लगान’पासून. २००१ सालचा हा चित्रपट कच्छमध्ये, भुजजवळ चित्रित झाला. मैदानावर शेकडो माणसं, वारा, जनावरं, आणि तरीही संवाद जागेवरच मुद्रित करायचे असं ठरवलं. म्हणजे १९३१ सालच्या पद्धतीकडे परत, फक्त यंत्रं सुधारलेली. या कामाबद्दल नकुल कामटे आणि एच. श्रीधर यांना ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसूल पुकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीसाठी इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासह २००९ मध्ये ऑस्कर मिळालं. ही संस्था १९६० मध्ये सुरू झाली ती प्रभातच्याच आवारात. दामलेमामांनी जिथे ध्वनीचं काम केलं, त्याच आवारात पुकुट्टी ते शिकले. दोघांच्या मधे जवळजवळ ६० वर्षं आहेत.

आणि एक छोटी, पण माझ्या मुद्द्याला फार महत्त्वाची गोष्ट. राष्ट्रीय पुरस्कारांत ध्वनीसाठी पूर्वी एकच पुरस्कार असे. २००९ च्या चित्रपटांपासून काही वर्षं तो तिघांना स्वतंत्र दिला गेला. जागेवर आवाज मुद्रित करणारा, ध्वनीची रचना करणारा आणि शेवटचं मिश्रण करणारा. म्हणजे शासनानं अधिकृतपणे मान्य केलं की ‘आवाज कुणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर एकवचनी नाही.

आता आजच्याकडे येतो. ‘कुंकू’तल्या घड्याळाला कुणी तरी मायक्रोफोन लावला होता. ‘महल’च्या रेकॉर्डवर नाव चुकीचं होतं, पण गळा खरा होता. आज यंत्र माणसाच्या आवाजाचे नमुने घेऊन, त्यानं कधीही न बोललेलं वाक्य त्याच्या आवाजात तयार करतं. आता गळ्याचीही गरज राहिली नाही.

२०२४ मधली दोन उदाहरणं शेजारी ठेवू. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं पुन्हा घडवले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि हे उघडपणे सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये गायक अरिजित सिंह यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, कारण त्यांच्या आवाजाची नक्कल करून देणारी साधनं त्यांना न विचारता बाजारात आली होती. न्यायालयानं त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. माणसाचा आवाज हा त्याच्या व्यक्तित्वाचा भाग आहे आणि संमतीशिवाय तो वापरता येणार नाही, असा त्या आदेशाचा रोख आहे. दोन्हीकडे तंत्र साधारण एकाच जातीचं, आवाज दोन्हीकडे रचलेला. मग फरक कशात? एका ठिकाणी विचारलेलं आहे, सांगितलेलं आहे आणि जबाबदार माणूस समोर उभा आहे. दुसऱ्या ठिकाणी यातलं काहीच नाही. रहमान यांनी केलं ते सगळ्यांना पटेलच असं नाही. मेलेल्या माणसाची संमती घरचे देऊ शकतात का, हा खरा प्रश्न आहे. पण तो प्रश्न आपण विचारू शकतो, कारण कुणाला विचारायचं ते ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, शेवटी पडद्यावर शेकडो नावं धावतात, ती वाचतं कोण? खरं आहे, लोक तोवर चपला शोधत असतात. पण पंचनाम्यावरची सही तरी रोज कोण वाचतं? ती वाचण्यासाठी नसतेच. वाद निघाला की उत्तर द्यायला कोण बांधील आहे, हे ठरलेलं असावं म्हणून ती असते.

आणि हे फक्त चित्रपटापुरतं नाही. उद्या तुमच्या मोबाइलवर एखाद्या पुढाऱ्याच्या, किंवा तुमच्याच भाच्याच्या आवाजात काही तरी येईल. कान म्हणेल, हा त्याचाच आवाज. कानाची साक्ष आता पुरेशी नाही. नैयायिकांची अट इथे व्यवहारात उपयोगी पडते. शब्द ऐकला की त्यामागचा माणूस शोधायचा. तो सापडतो का, त्याला हे ठाऊक असायचं कारण आहे का, आणि उद्या ‘हे मी बोललो’ असं तो म्हणेल का? भाच्याला उलटा फोन लावायला एक मिनिट लागतं. तो उचलून ‘हो मामा, मीच बोललो’ म्हणाला, की मग त्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, फक्त आधी आपलं नाव सांगा.